बिराजदार, हरिश्चंद्र माधवराव

(१९५० – १४ सप्टेंबर २०११). भारतीय मल्ल व वस्ताद. राष्ट्रकुल सुवर्णपदकाचे आणि ‘रुस्तुम-ए-हिंद’ किताबाचे मानकरी. तालमींत ‘बिराजदार मामा’ म्हणून परिचित.

जन्म रामलिंग मुदगड (ता. निलंगा) येथे. हे गाव आता लातूर जिल्ह्यात आहे. पण त्यांच्या जन्माच्या वेळी निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याला मिळाले. तेव्हा बीदरनेही या पैलवानाला आपला म्हणायला हरकत नाही.

कुस्तीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले आणि वर्षभरातच, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत, त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत भारताला ५ सुवर्णपदके मिळाली, ती पाचही कुस्तीत. गादीवरच्या (मॅटवरच्या) या यशाचे मोल मातीत घडलेल्या मल्लालाच नेमके कळेल. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेली तांबडी माती पायाला धरून ठेवते, अंगावरचा घाम शोषते. आणि निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकेपर्यंत झुंजायची मुभा असते. गादीवर पकड निसटते, घड्याळ चालू असते, गुण मोजले जातात. दोन्हीकडे नाव काढणारे मल्ल त्या काळी थोडेच होते.

१९७२ मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले. दिल्लीच्या सतपाल यांच्यावर त्यांनी मिळवलेला विजय कुस्तीशौकिनांच्या गप्पांत अजून निघतो. २००६ मध्ये त्यांना केंद्र सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

तरीही त्यांची मोठी कमाई लंगोट उतरवल्यानंतरची मानावी लागेल. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार त्यांचेच शिष्य. पाटोद्याचा (जि. बीड) राहुल आवारेही मामांच्याच हाताखाली तयार झाला. त्याने १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे ५७ किलो गटाच्या अंतिम कुस्तीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५–७ असे हरवून राष्ट्रकुल सुवर्णपदक पटकावले. मामांना जाऊन तेव्हा साडेसहा वर्षे झाली होती.