रंगभवनाचे मौन : मुंबईचे हेवी मेटल भूमिगत कसे झाले?

‘भूमिगत’ म्हटले की आपल्याला १९४२ आठवते. साताऱ्याचे प्रतिसरकार, मुंबईतील उषा मेहतांचे गुप्त रेडिओ केंद्र. हेवी मेटलच्या जगात ‘अंडरग्राउंड’ या शब्दाचा अर्थ निराळा आहे. मोठी ध्वनिमुद्रण कंपनी पाठीशी नाही, रेडिओवर स्थान नाही. वाद्यवृंद आणि श्रोते यांनी स्वतःच्या खिशातून भरवलेले महोत्सव तेवढे असतात. जगभर हे कलावंत असे भूमिगत राहणे अभिमानाने मिरवतात. मुंबईत मात्र त्यांनी ही वाट निवडली, की त्यांना त्या वाटेवर ढकलले गेले? आजचा धागा या प्रश्नाचा.

थोडे मागे जाऊ. बर्मिंगहॅममधील टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करी. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबायची बोटे नेमकी हीच होती. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही सोडल्या. स्वर खाली उतरला, जड झाला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ‘ब्लॅक सबाथ’चा पहिला अल्बम आला आणि त्या जड स्वराला घराणे मिळाले. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींजवळ वाढलेल्या माझ्यासारख्या नाशिककराला ही जन्मकथा मुळीच परदेशी वाटत नाही. प्रेस मशीन काय करू शकते, हे आम्हांला ठाऊक असते.

भारतात हे संगीत एकाची दोन, दोनाच्या चार झालेल्या कॅसेटींवरून पसरले. मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला (१९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले), आणि १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. श्रोते त्याला ‘आय-रॉक’ म्हणत. स्थळ होते धोबीतलावचे रंगभवन.

या जागेविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. रंगभवन हे खुले नाट्यगृह, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवानेही ते गाजवले होते. व्ही.टी. स्थानकावरून चालत काही मिनिटांत पोहोचता येई. लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्याला याहून सोयीची जागा मुंबईत नव्हती. नाशिककरांसाठीही ती जवळचीच. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस सकाळी थेट तिथे सोडते. अडचण परतीची. पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते, आणि मेटलची मैफल त्यानंतर कुठे रंगात येऊ लागते. मग रात्रीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसणे आले.

आता दुसरा धागा पाहू. मुंबईतील गोंगाटाविरुद्धचा न्यायालयीन लढा डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्यांनी १९८०च्या दशकातच हाती घेतला होता. म्हणजे आय-रॉक आणि ही चळवळ जवळजवळ एका वयाची. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. मेटलचा वाद्यवृंद शंभरीच्या पुढेच बोलतो. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, पलीकडे कामा रुग्णालय. २०००च्या दशकाच्या प्रारंभी तिथला ध्वनिवर्धक थांबला आणि रंगभवन मुके झाले.

या नियमाला मी खलनायक म्हणणार नाही. कामा हे स्त्रिया आणि बालकांचे रुग्णालय. तिथे दाखल झालेल्या बाळंतिणीचा झोपेचा हक्क गिटारवादकाच्या हक्काहून थोरच. पण याच नियमांची पुढची पायरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. २००२ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धकाला मुभा देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती मुभा मान्य केली. महाराष्ट्रात हे दिवस प्रामुख्याने गणेशोत्सव, नवरात्र अशा सणांना जातात. म्हणजे मोठा आवाज सरसकट निषिद्ध ठरला नाही. परंपरेच्या पंगतीत ज्याला पान मिळाले, त्याच्या आवाजासाठी दार किलकिले राहिले. ज्याला मिळाले नाही, त्याने बंद खोली शोधावी.

हे मी ज्या गावातून लिहितो आहे, त्या गावाचे नाव एका वाद्याला मिळाले आहे. नाशिक ढोल. त्याच्या शेजारून मिरवणुकीत चालताना छातीच्या पिंजऱ्यात जे घुमते, तेच मेटलचा वादक दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवू लागला की घुमते. कान आणि शरीर यांना त्यात भेद दिसत नाही. भेद आपण करतो, आणि तो कसा केला गेला हाच इतिहासाचा विषय. (सार्वजनिक गणेशोत्सवही १८९० च्या दशकात नवा होता, हे सहज आठवले.)

रंगभवन गेल्यावर मेटल आत शिरले. जुहूचे ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’ आधीपासून होतेच. आता अशा क्लबांवरच भिस्त आली. छत बुटके, गर्दी मोजकी, आवाज भिंतीवर आपटून परत अंगावर येणारा. समोरची मंडळी एकमेकांना धडका देत नाचतात, पण कुणी पडला की चार हात त्याला तत्क्षणी उचलतात; दहीहंडीच्या थरांखाली उभे राहिलेल्यांना हा अलिखित नियम लगेच उमगेल. या काळाचा मध्यवर्ती वाद्यवृंद ‘डेमोनिक रेझरेक्शन’, स्थापना २०००. त्याचा गायक साहिल मखिजा याने स्वतःच ‘रेझरेक्शन फेस्टिव्हल’ भरवला आणि ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली. २०१७ मध्ये याच वाद्यवृंदाचा ‘दशावतार’ हा अल्बम आला. मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने. कोकणातल्या दशावतारी खेळ्यांना या वेशातले अवतार पाहून काय वाटेल, कोण जाणे! मला तरी नाते जवळचेच वाटते. रात्र, रंग आणि आरोळी दोन्हीकडे आहेत.

याच वर्षांत उघड्यावरचे मेटल मुंबईत अगदीच नव्हते असे नाही. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ने आपल्या जगदौऱ्याचा आरंभ वांद्रे-कुर्ला संकुलातून केला. पण ते मोठ्या पैशाचे काम. स्थानिक पोरांना मैदान परवडत नव्हते.

खरी चिंता पुढे आहे. पेशवे दफ्तर पुण्यात जपलेले आहे. या इतिहासाचे दफ्तर कुठे आहे? त्या पिढीची संभाषणे ऑर्कुटवर झाली, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. गाणी मायस्पेसवर चढवली गेली, आणि २००३ ते २०१५ या काळात तिथे चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. नेमकी आपल्याला हवी ती वर्षे! दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद वाचता येतो, पण २००६ मधील एका मैफलीचे ध्वनिमुद्रण मिळत नाही.

उरले ते घरांत आहे. आय-रॉकची सुरुवात ऐकलेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. तुमच्या मामाच्या किंवा काकांच्या कपाटात रंगभवनचे तिकीट, हाताने लिहिलेली कॅसेटची वेष्टणे, झेरॉक्स केलेली भित्तिपत्रके असतील, तर त्यांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढा. मागे पेनाने लिहिलेला मजकूर अनेकदा अधिक मोलाचा असतो. त्यांना शेजारी बसवून विचारा : तिकीट कितीला होते, सोबत कोण होते, परतीची गाडी कोणती मिळाली? उत्तरे तारखेसह टिपून ठेवा. आय-रॉक २०२२ मध्ये माझगावला पुन्हा भरला. रंगभवन मात्र अजून गप्प आहे.