पुसण्यासाठी काढलेली रेघ

लेखकाच्या हस्तलिखितातली खाडाखोड जपून ठेवावी असे साहित्याच्या अभ्यासकांना वाटते, आणि ते योग्यच आहे. छापील पाठ कसा घडला, कोणता शब्द आधी होता आणि कोणता नंतर आला, हे त्या खाडाखोडीवरूनच कळते. परंतु काही कला अशा आहेत की त्यांचा कच्चा खर्डा पक्क्या कृतीच्या अंगावरच लिहिला जातो, आणि कृती पुरी होताच त्याने नाहीसे व्हावे अशी अपेक्षा असते. क्विल्टवर टाके घालण्यापूर्वी आखली जाणारी नक्षी हा ह्या जातीचा खर्डा होय. घरगुती शिवणयंत्रावर मुक्तहस्ताने क्विल्ट शिवणाऱ्यांपुढे आजही पहिला प्रश्न असतो तो ही नक्षी कशाने आखावी हाच. वरकरणी तो केवळ साधनांचा प्रश्न वाटतो. आमच्या मते त्यामागे कर्तृत्वाचा आणि इतिहासाच्या पुराव्याचा प्रश्न दडलेला आहे, आणि प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

क्विल्ट म्हणजे तीन थरांचे पांघरूण : वरचे कापड, मधला कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खालचे अस्तर. हे थर सरकू नयेत म्हणून ते धावदोऱ्याने एकत्र शिवतात. तेच टाके नक्षीच्या वाटेने नेले, की उपयुक्ततेतून अलंकरण जन्मास येते. इंग्लंडच्या उत्तर भागात आणि वेल्समध्ये अखंड एकरंगी कापडावर केवळ टाक्यांनी नक्षी उमटवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात भरास आली होती. रंगाचा आधार नसल्यामुळे तिथे सगळी भिस्त रेघेवर होती.

ही रेघ काढण्याची जुनी पद्धत फार साधी होती. पान, गुलाब, पीस, दोराचा पीळ अशा आकारांचे पुठ्ठ्याचे साचे कापडावर ठेवून त्यांच्या कडेने शिंप्याचा खडू फिरवीत. किंवा बोथट सुईच्या टोकाने कापडावर नुसता ओरखडा काढीत. आतल्या शिरा आणि भरणीच्या रेषा हातानेच काढल्या जात. ओरखडा फार वेळ टिकत नसे. त्यामुळे चौकटीवर ताणलेल्या कापडाचा समोर आलेला भाग तेवढा आखायचा, शिवायचा, कापड गुंडाळून पुढे सरकवायचे आणि मग पुढचा भाग आखायचा असा क्रम असे. आखणारा हात आणि शिवणारा हात इथे बहुधा एकच होता. टाका पडेपर्यंत तग धरावा एवढेच त्या रेघेचे आयुष्य होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्थम्बरलंडमधील ॲलनहेड्स ह्या शिशाच्या खाणींच्या गावाजवळ हे दोन हात वेगळे झाले. जॉर्ज गार्डिनर नावाचा दुकानदार निळ्या पेन्सिलीने क्विल्टचे अखंड कापड आखून देऊ लागला. त्याच्या हाताखाली शिकलेल्या एलिझाबेथ सँडरसन (जन्म १८६१) हिने हा व्यवसाय पुढे नेला आणि स्वतःही शिकाऊ मुली तयार केल्या. कापड आखून देणाऱ्या ह्या मंडळींना ‘स्टॅम्पर’ म्हणत. मात्र त्यांच्याजवळ ठसा नसे, सगळे काम साच्यांनी आणि हाताने होई. आखलेले कापड विकत घ्यावे, किंवा आपले कापड आखण्यास पाठवावे, आणि मग घरच्या चौकटीवर ते महिनोन्‌महिने शिवीत बसावे असा प्रघात पडला.

आता ह्या क्विल्टचा कर्ता कोण? रचना आखणाऱ्याची, टाके शिवणारीचे. संहिता एकाची आणि प्रयोग दुसऱ्याचा, हा नाट्याभ्यासकांच्या परिचयाचा पेच इथे सुईदोऱ्याच्या रूपाने उभा राहतो. संग्रहालयांच्या नोंदींत गार्डिनर आणि सँडरसन ह्यांची नावे आढळतात. त्यांच्या वळणदार रेषेची शैली ओळखू येते, म्हणून सहीवाचूनही कृती त्यांच्या नावे लागते. हजारो टाके घालणारी स्त्री मात्र पुष्कळदा ‘अज्ञात’ राहते. तिच्या टाक्याची लांबी, दोऱ्याचा ताण, वळणावर घेतलेला निर्णय ह्यांतही शैली असतेच. पण ती वाचण्याची सवय आपण लावून घेतलेली नाही. रेघ काढणारा तो कलावंत आणि रेघेवरून जाणारा तो कारागीर, हा भेद आपण न तपासताच स्वीकारला आहे.

जी नावे टिकली तीही सरळ वाटेने टिकली नाहीत. ह्याच प्रदेशातला, मूळचा शिंपी असलेला जोसेफ हेडली हा व्यवसायाने क्विल्ट शिवीत असे. जानेवारी १८२६ मध्ये वॉर्डन गावाजवळच्या त्याच्या झोपडीत त्याचा खून झाला आणि ‘जो द क्विल्टर’ हे नाव सर्वतोमुखी झाले. त्या झोपडीची प्रतिकृती आज बीमिश येथील संग्रहालयात उभी आहे. खून झाला नसता तर हा कसबी माणूस आपल्यापर्यंत कितपत पोहोचला असता, ह्याची आम्हांस शंकाच वाटते. ह्या क्षेत्रातली पुष्कळशी माहिती मेव्हिस फिट्झरँडॉल्फ ह्या विदुषीने प्रत्यक्ष कारागिरांशी बोलून गोळा केली आणि १९५४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तोवर जुन्या पिढीतली बरीच माणसे निघून गेली होती.

कापडावरचा पुरावा तर त्याहून विचित्र न्यायाने टिकतो. जे पांघरूण वापरले गेले, धुतले गेले, त्याची आखणी झिजत जाते. जे पेटीतच राहिले, किंवा अर्धवट शिवून सोडले गेले, त्याच्यावर निळी रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे ज्या वस्तूने आपले काम पुरेपूर केले तिचा खर्डा नष्ट झाला, आणि जिचे काम राहून गेले तिने इतिहासकाराला साक्ष दिली. वाङ्मयाच्या इतिहासातही अप्रकाशित वह्या आणि अपुऱ्या कादंबऱ्या अशीच साक्ष देतात.

इलायस हाउ ह्याला १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर ह्याला १८५१ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट मिळाले, आणि त्यानंतरच्या काही दशकांतच क्विल्टवर यंत्राचे टाके दिसू लागले. परंतु यंत्राची स्वाभाविक गती सरळ. सुईखालचे दाते कापडाला एकाच दिशेने ढकलतात. हे दाते खाली पाडले किंवा झाकले आणि रफूचा फूट बसवला, की यंत्र फक्त सुई खालीवर करीत राहते. कापड कोणत्याही दिशेला नेण्याचे काम दोन्ही हातांकडे येते. मुक्तहस्त क्विल्टिंग ते हेच. लेखणी स्थिर आणि कागद फिरता असे त्याचे वर्णन करता येईल.

ह्या उलटापालटीने रेघेचे व्याकरणच बदलले. हाताने शिवणारी सुई मधल्या थरातून लपत एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ शकते. यंत्राला ती सोय नाही. प्रत्येक थांब्याला दोरा तोडावा लागतो, टोके बांधून आत दडवावी लागतात. म्हणून यंत्रासाठीची नक्षी शक्यतो एकाच अखंड रेघेत बसवावी लागते, आणि जिथे ते जमत नाही तिथे आलेल्या वाटेनेच टाक्यावर टाका घालीत परतावे लागते. बोरू न उचलता लिहिता यावे म्हणून मोडीतल्या अक्षरांनी जी वळणे घेतली, त्यांची इथे आठवण व्हावी. साधनाची अडचण ही शैलीची जननी ठरते ती अशी.

आखणीच्या साधनांनाही नवी कसोटी लागली. कापडावर हात सतत फिरत असल्यामुळे खडूची रेघ शिवण्यापूर्वीच उडून जाते. गडद कापडावर साबणाच्या झिजलेल्या वडीची कड चांगली उमटते. पण ती बारीक नक्षीला पुरत नाही. पातळ कागदावर नक्षी काढून तो कापडावर टाचावा आणि त्याच्यासकट शिवून मग फाडून काढावा, ही युक्ती कापड स्वच्छ ठेवते. परंतु टाक्यांत अडकलेले कपटे वेचण्यात संध्याकाळ जाते. दोरा न ओवता यंत्राची सुई कागदांच्या चळतीवरून नक्षीबरहुकूम चालवली, की एकाच वेळी अनेक छिद्रित खाके तयार होतात. त्यांतून भुकटी झिरपवून नक्षी उतरवता येते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या शाईची रेघ स्पष्ट असते. मात्र धुण्याआधी इस्त्री फिरली तर ती कायमची बसू शकते. हवेने उडणारी जांभळी शाई दमट दिवसांत काम संपायच्या आतच निरोप घेते.

ह्या मालिकेतले सर्वांत बोलके साधन म्हणजे उष्णतेने अदृश्य होणारी शाई. पायलट ह्या जपानी कंपनीची ही पेने २००६ पासून युरोपात विकली जाऊ लागली. ती मुळात कागदासाठी. शिवणाऱ्यांनी ती कापडावर आणली. साधारण ६० अंश सेल्सिअसला रेघ दिसेनाशी होते, म्हणून इस्त्री फिरवली की काम झाले असे वाटते. परंतु शाई तिथेच असते, फक्त तिचा रंग गेलेला असतो. तापमान शून्याखाली दहा अंशांच्या आसपास उतरले की पुसलेली रेघ परत उमटू लागते. कडाक्याच्या थंडीतून टपालाने गेलेले क्विल्ट आपला खर्डा अंगावर घेऊन पोहोचू शकते! खरवडलेल्या चर्मपत्रावर जुना मजकूर पुन्हा दिसू लागावा, तसाच हा प्रकार.

यंत्राच्या टाक्याला कलेची प्रतिष्ठा मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. केंटकी राज्यातील पाडुका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट ह्यांच्या यंत्राने शिवलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यावर वाद झाला. यंत्र वापरले म्हणजे हात गेला, असे आक्षेपकांना वाटत होते. वास्तविक मुक्तहस्त शिवणीत हात जातच नाही. उलट घरच्या यंत्रावर आखणारी आणि शिवणारी ही बहुधा एकच व्यक्ती असल्यामुळे, ॲलनहेड्समध्ये वेगळे झालेले दोन हात इथे पुन्हा एकत्र आले.

आपल्याकडच्या गोधडीला आखणीची गरज सहसा भासली नाही. जुन्या लुगड्यांचे थर अंथरावेत, कडेने धावदोरा घालावा आणि आधीच्या ओळीला समांतर पुढची ओळ न्यावी. घातलेला टाका हाच पुढच्या टाक्याची रेघ. तिथे खर्डा आणि कृती ह्यांत अंतरच नाही, आणि म्हणूनच कदाचित तिचा कर्ता कोण असा प्रश्न आपण कधी विचारला नाही. तो आता विचारावयास हवा. रेघ पुसली गेली म्हणून ती काढणारी बोटे नव्हती असे होत नाही, आणि रेघ दुसऱ्याची होती म्हणून टाके घालणारीचे कर्तृत्व उणे ठरत नाही. पुढच्या वेळी एखादे जुने पांघरूण हाती आले तर ते तिरप्या उजेडात धरून पाहावे. टाक्यांच्या आड निळी रेघ सापडली तर दोन माणसे भेटतील. न सापडली तरी एक नक्कीच भेटेल.