ल्युपस : जनुकीय विविधता आणि रोगप्रवणता

ल्युपस, म्हणजेच सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, हा दीर्घकालीन स्वप्रतिरक्षा विकार आहे. त्यात पेशीकेंद्रातील डीएनए व प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंडे, रक्तपेशी, मेंदू अशा अनेक ठिकाणी दाह होतो. रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. समरूप जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत साधारण पाव ते निम्मे आढळले आहे. भिन्न जुळ्यांत ते २ ते ५ टक्केच असते. जनुकांचा वाटा मोठा असला तरी केवळ त्यांवर रोग ठरत नाही, हे यावरून दिसते.

सामान्य भेद : सर्वांत जुना व ठळक संबंध सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकसमूहाशी, विशेषतः डीआर२ व डीआर३ या प्रकारांशी आहे. २००८ पासून संपूर्ण जनुकसंच चाळणाऱ्या अभ्यासांमुळे धोक्याशी निगडित स्थानांची संख्या शंभरावर गेली. आयआरएफ५ व स्टॅट४ ही जनुके इंटरफेरॉनच्या संदेशवहनाशी, तर बीएलके व बँक१ ही बी पेशींच्या कार्याशी संबंधित आहेत. एकेका भेदाने धोका थोडाच वाढतो. अनेक भेद एकत्र आले की रोगप्रवणता वाढते.

विरळ उत्परिवर्तने : काही रुग्णांत, विशेषतः बालवयात, एकाच जनुकातील दोष पुरेसा ठरतो. रक्तातील सी१क्यू हे पूरक प्रथिन मृत पेशींचे अवशेष हटवण्यास मदत करते. ते जन्मतः नसलेल्या बहुसंख्य व्यक्तींना ल्युपस किंवा तत्सम विकार होतो. ट्रेक्स१ जनुकातील दोषामुळे पेशीतील नको असलेला डीएनए नष्ट होत नाही व इंटरफेरॉन वाढते.

एक्स गुणसूत्र : टीएलआर७ हे जनुक या गुणसूत्रावर असते. स्त्रियांच्या पेशींत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होत असले, तरी हे जनुक काही पेशींत दोन्हींवर चालू राहते. दोन एक्स व एक वाय गुणसूत्र असलेल्या पुरुषांतही ल्युपसचा धोका इतर पुरुषांपेक्षा बराच अधिक असतो. २०२२ मध्ये एका स्पॅनिश मुलीत टीएलआर७ मधील उत्परिवर्तन रोगाचे कारण असल्याचे सिद्ध झाले. तोच बदल केलेल्या उंदरांनाही ल्युपससदृश रोग झाला.

वंशगट : पीटीपीएन२२ मधील एक भेद युरोपीय वंशात धोका वाढवतो, पण पूर्व आशियात तो जवळजवळ आढळत नाही. आफ्रिकी वंशातील एपीओएल१ चे भेद मूत्रपिंडाला ल्युपसची बाधा झाल्यावर ते निकामी होण्याचा धोका वाढवतात.

परिसर : ऊन, एपस्टाइन-बार विषाणू व काही औषधे प्रवण व्यक्तीत रोग चेतवू शकतात. हायड्रालाझिन किंवा प्रोकेनामाइड घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या यकृतात एनएटी२ विकर मंद चालते, त्यांना औषधजन्य ल्युपसचा धोका अधिक असतो. औषध थांबवल्यावर तो सहसा ओसरतो.

उपयोग : निदान आजही लक्षणे व प्रतिपिंडांच्या तपासण्यांवर होते, जनुकचाचणी मुख्यतः लहान मुलांत किंवा एकाच कुटुंबात अनेक रुग्ण असताना करतात. इंटरफेरॉनचे महत्त्व जनुकीय अभ्यासांतूनही पुढे आले. त्याच्या ग्राहकाला अडवणाऱ्या अॅनिफ्रोलुमॅबला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मोठे अभ्यास प्रामुख्याने युरोपीय व पूर्व आशियाई वंशांत झाल्याने त्यांवर बेतलेले धोक्याचे गुणांक भारतीय रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.