सोवळ्यावरचे हसू

इंग्रजी कादंबरीने समाजातील उच्च-नीचतेच्या पायऱ्या हसतहसत मोजल्या. अँग्लिकन धर्मगुरूची कन्या जेन ऑस्टिन हिने १८१३ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये कुळाच्या व पैशाच्या अहंतेला चिमटे काढले. आपल्याकडे उच्च-नीचतेचे माप होते सोवळे-ओवळे; आणि त्यावरचे तितकेच निर्मळ हसू कादंबरीत नव्हे, तर एका आत्मचरित्रात सापडते.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याविना घरात येत नसे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्या हे सांगतात तेव्हा वाचक हसतो, पण त्या धाकाखाली दबलेले घरही त्याला दिसते.

१८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी मात्र काही काळ आपले सोवळे जपले, आणि पुढे त्याचीही थट्टा केली. भेद मनुष्यनिर्मित आहेत हे उमगताच त्यांनी ते टाकले; १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

दुसऱ्याच्या गर्वाला हसणे सोपे, स्वतःच्या सोवळ्याला हसणे कठीण. वाचकहो, मुलामुलींच्या सोयरिकी जुळवताना आपण जात विचारतो ना? मग हे हसू आपल्यासाठीही आहे.