पालवणकर बाळू : मजुरीची गोलंदाजी आणि कर्णधारपदाचा प्रश्न

भारतीय क्रिकेटच्या प्रारंभकाळाचे लेखन बहुतांशी संस्थानिक व जिमखाने यांच्या अनुषंगाने झाले आहे. खेळपट्टी झाडणारा, तिच्यावर रूळ फिरवणारा आणि साहेबांच्या सरावासाठी तासन् तास चेंडू टाकणारा नोकर त्या लेखनात क्वचितच दिसतो. पालवणकर बाळू यांची कारकीर्द अशाच नोकरीतून घडली. त्यामुळे तिचा विचार श्रम आणि जात यांच्या इतिहासाचा भाग म्हणून करणे सयुक्तिक ठरते.

पालवणकर हे कोकणातील पालवणचे चर्मकार कुटुंब. बाळूंचा जन्म धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बालपण मात्र पुण्यात गेले. तेथील एका पारशी क्रिकेट क्लबात त्यांना दरमहा ३ रुपये पगारावर मैदानाच्या देखभालीचे काम मिळाले. पुढे १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला. सरावाच्या जाळीत कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या नामांकित फलंदाजाला ते रोज डावखुरी संथ फिरकी टाकत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ग्रेग त्यांना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बाळूंच्या गोलंदाजीची शाळा हीच होती. शेकडो तास चेंडू टाकूनही त्या क्लबात त्यांच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हा सभासदांचा अधिकार आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती विभागणी होती.

युरोपियनांविरुद्ध जिंकायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्यातील हिंदू क्लबाला उमगले. बाळू संघात आले. सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हाताळीत, परंतु चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. एकाच दिवसात, एकाच मैदानावर विटाळाचे दोन नियम पाळले जात होते, ही विसंगती त्या काळच्या सुधारकांच्याही नजरेतून सुटली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस आले व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक ठरली. बाळूंनी मात्र सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १५.२१च्या सरासरीने १७९ बळी, ही त्यांची एकूण नोंद होय.

एवढे असूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. येथे इंग्लंडशी तुलना उपयुक्त ठरते. तेथेही पगारी खेळाडूंना दुय्यम स्थान होते. हौशी 'जंटलमेन' आणि व्यावसायिक 'प्लेयर्स' हा भेद १९६२ पर्यंत टिकला, आणि विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचे नेतृत्व व्यावसायिक खेळाडूकडे आले ते १९५२ मध्ये, लेन हटन यांच्या रूपाने. तेथे आड येत होता तो पगार. मुंबईत पगारापेक्षा जन्म आड आला, असे मानण्यास आधार आहे. बाळूंचे धाकटे बंधू शिवराम व विठ्ठल हे उत्तम फलंदाज. मजुरीच्या गोलंदाजीचा शिक्का त्यांच्यावर नव्हता. तरीही नेतृत्वाचा प्रश्न निघाला की त्या घराचे नाव मागेच राहिले. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले गेले. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी जाहीरपणे संघातून अंग काढून घेतले. खेळाडूंनी स्वाभिमानासाठी केलेला हा बहिष्कार आजही पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. परिणामी, पुढच्या सामन्यात दोघे भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असता त्यांनी काही काळ संघाचे नेतृत्व केले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंची कारकीर्द तोवर संपली होती. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' (१९४८) हे आत्मचरित्र या कुटुंबाच्या इतिहासाचे महत्त्वाचे मराठी साधन आहे.

उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. तरुण आंबेडकरांना त्यांच्याविषयी अभिमान होता; परंतु १९३२च्या पुणे कराराच्या वेळी दोघांच्या भूमिका भिन्न होत्या. १९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. जिमखान्याने ज्याला कर्णधार केले नाही, त्याची लोकप्रियता राजकीय पक्षाला मात्र उपयोगाची वाटली. स्वतंत्र मजूर पक्षाच्या आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. १९५५च्या जुलैमध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले.