महावलीची वाडी, शके 1108

घाटकोपरला मेट्रोतून उतरता. जिन्यावर गर्दी पाठीला रेटते आणि पुढचं पाऊल पडतं ते ओल्या मातीत. स्टेशन नाही. खाडीचा खारट वारा, माडांची सळसळ. शके 1108 चा माघ चालू आहे, इसवी सन 1187. ही साष्टी, तेव्हाची षट्षष्टी. राज्य शिलाहार अपरादित्याचं.

छिन्नीचा ठोका ऐकू येतो. पाथरवट शिळेवर अक्षरं कोरतोय आणि शेजारी लेखक त्याला मजकूर वाचून दाखवतोय. महावली गावात अनंतपै प्रभूंच्या ताब्यातली एक वाडी. तिचं ठरलेलं उत्पन्न, 24 द्रम्म, वैद्यनाथाच्या पंचोपचार पूजेला दिलं. सगळं संस्कृतात, जमलेल्यांच्या चेहऱ्यांवर काही उमटत नाही. तुम्ही मात्र 'द्रम्म'पाशी थबकता. ग्रीकांच्या द्राख्मेचंच हे नाव, हातोहात फिरून झिजलेलं.

क्रीट बेटावरचं द्रेरोस आठवतं. इसवी सनापूर्वी 650च्या सुमारास तिथल्या लोकांनी देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवलं: एकदा मुख्य अधिकारी झालेल्याने 10 वर्षं ते पद पुन्हा घ्यायचं नाही. तोंडी शब्द बलवानाला सहज फिरवता येतो, म्हणून दगड. इथेही धास्ती तीच. आजचा राजा देईल, उद्याचा काढून घेईल.

शेवटच्या ओळींशी लेखक भाषा बदलतो आणि तुमच्या अंगावर काटा येतो. ही मराठी आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीची, तरी कानाला ओळखीची. हे शासन जो कोणी मोडील त्याच्यावर सकुटुंब देवाचा कोप होवो. आणि पुढे त्याच्या आईला गाढवावरून दिलेली शिवी, इथे लिहवत नाही अशी. आता प्रत्येक जण कान देऊन ऐकतोय. दान संस्कृतात, दटावणी मराठीत. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी अशा शिळांवर गाढवाचं चित्रही कोरतात. त्याच गधेगाळी.

ग्रीकांच्या तेओस नगरानेही शिळेवर शाप कोरला होता: जो ही शिळा फोडेल, अक्षरं खोडेल, तो कुळासकट नष्ट होवो. गुन्हा एकाचा आणि भोग घरादाराला, हे तिथेही होतंच. इथे तर थेट आईची अब्रू तारण ठेवली आहे.

गर्दीच्या कडेला एक म्हातारी नारळांची पाटी डोक्यावर घेऊन उभी आहे. शिवी ऐकून ती मान फिरवते. तिने कुणाची वाडी बळकावली?

पाथरवट फुंकर मारून भुगा उडवतो. म्हातारी पाटी सावरते आणि वाडीच्या वाटेला लागते.