वळीवडें : पंचगंगेकांठचें पोलिश गांव

कोणत्याही गांवाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्याचें ग्रामदैवत, शिलालेख, वतनदारांचीं घराणीं यांपासून आरंभ करण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु ज्या गांवास पूर्वज नाहींत आणि वंशजही नाहींत, ज्याचें सारें आयुष्य पांच वर्षांत आटोपलें, त्याचा इतिहास कोठून सुरू करावा? कोल्हापूरनजीक वळीवडें येथें इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत नांदलेलें पोलिश गांव असें होतें. यंत्रमागांच्या आधारानें दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या माणसांनीं भिवंडी-कामतघरचा परिसर वसला आहे; येथें राहणाऱ्या आम्हांस गांव मातीनें बनतें कीं माणसांनीं, हा प्रश्न नेहमींचाच आहे. वळीवड्याची हकीकत आम्हांस त्यासाठींच महत्त्वाची वाटते.

१९३९ च्या सप्टेंबरांत पश्चिमेकडून जर्मनी व पूर्वेकडून सोव्हिएट रशिया यांनीं पोलंडवर चाल करून तो देश आपसांत वांटून घेतला. रशियाच्या वांट्यास गेलेल्या मुलखांतील लाखों माणसें १९४० व १९४१ सालीं मालडब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादि ठिकाणीं पाठविण्यांत आलीं. भुकेनें व थंडीनें कित्येकांचा तेथेंच अंत झाला. पुढें हिटलरनें रशियावरच हल्ला केला, तेव्हां रशियास लंडनमधील पोलिश सरकाराशीं करार करणें भाग पडलें. बंदी सुटले, जनरल अँडर्स यांनीं त्यांतून सैन्य उभारलें, आणि १९४२ मध्यें त्या सैन्याबरोबर बायकामुलें कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलीं. त्यांतील कांहींना हिंदुस्थानचा आसरा मिळाला. नवानगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें मुलांची सोय केली. आणि पुढील वर्षीं कुटुंबांसाठीं करवीर संस्थानांतील वळीवड्याची जागा निवडण्यांत आली.

येथील वस्ती सुमारें पांच हजारांची होती व तींत भरणा बायकामुलांचा होता. लांबच लांब बराकी, एकेका बराकींत अनेक बिऱ्हाडें, पुढें ओटी व फुलझाडें, असें त्या गांवाचें रूप. प्रार्थनामंदिर, दवाखाना, टपाल कचेरी, नाट्यगृह, बालवीरांचीं पथकें, सारें कांहीं होतें. परंतु गांवाचा प्राण शाळांत होता. बालवर्गापासून उच्च माध्यमिक वर्गापर्यंतचें शिक्षण पोलिश भाषेंत चाले. देश हातचा गेला तरी भाषा व इतिहास मुलांच्या हातीं सोंपविला पाहिजे, हा त्यामागचा निर्धार.

कर्ते पुरुष युद्धावर होते. १९४४ च्या मे महिन्यांत इटलींत मॉन्टे कॅसिनोचा मठ पोलिश पलटणींनीं जिंकला. त्याच देशांत मराठा पलटणीही लढत होत्या. जुलैंत नाईक यशवंत घाडगे तेथेंच धारातीर्थीं पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. वळीवड्याच्या बराकींतील बायांचे आणि आपल्या खेड्यांतील बायांचे डोळे त्या दिवसांत एकाच रणांगणाकडे लागले होते. त्यांची भाषा निराळी असेल. टपालवाल्याची वाट पाहणें निराळें नव्हतें.

खरा आघात विजयानंतर झाला. १९४५ च्या फेब्रुवारींत याल्टा येथें दोस्त राष्ट्रांनीं पोलंडचा पूर्वभाग रशियाकडे राहूं देण्याचें ठरविलें, आणि वळीवडेंकरांपैकीं बहुतेकांचीं घरें त्याच भागांत होतीं. ज्या पक्षाच्या बाजूनें रक्त सांडलें त्या पक्षाचा जय झाला, आणि जिंकणारांचें घर मात्र परक्या देशांत गेलें! युद्ध संपलें तरी परतावयाचें कोठें, हें सांगणारा कोणी राहिला नाहीं. १९४६ मध्यें बालाचडीचीं मुलेंही येथें आलीं. आणि १९४७-४८ मध्यें हें गांव इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका व कांहीं अंशीं पोलंड अशा दिशांनीं पांगलें.

बराकी मात्र फार काळ ओस राहिल्या नाहींत. फाळणीनें उखडलेलीं सिंधी कुटुंबें तेथें आलीं. तेंच आजचें गांधीनगर, कापडाच्या पेठेसाठीं सर्वत्र प्रसिद्ध. एका निर्वासितानें ठेवलेल्या चुलीवर दुसऱ्या निर्वासितानें हंडी चढवावी, असा योग इतिहासांत विरळा.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानांत या पोलिश वस्तीचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सा शहरांत कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक असून २०२४ च्या ऑगस्टमध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पांजलि वाहिली. या कौतुकानें आपण फुशारून जाऊं नये. छावणीचा खर्च मुख्यतः आपल्या पदरचा नव्हता. निर्णयही परक्या सत्तेच्या संमतीनें झाला. आपल्या पदरचें होतें तें शेजारधर्माचें वर्तन. ज्या १९४३ सालीं बंगालमध्यें लाखों माणसें दुष्काळानें मेलीं, त्याच सालीं पारतंत्र्यांतल्या या देशाच्या एका कोपऱ्यांत परक्या मुलांची शाळा भरली आणि ती अखेरपर्यंत सुखरूप चालली. गांवाची थोरवी त्याच्या वयावर मोजण्याची आपली रीत आहे. पण पांच वर्षें जगून गेलेल्या या गांवाची आठवण त्यांतील मुलांनीं सातासमुद्रांपलीकडे म्हातारपणापर्यंत जपली. पुष्कळ पुरातन नगरांच्या वांट्यास एवढी माया येत नाहीं.